कन्सल्टिंग फर्मच्या ऑप्सला (बिलं, बुकिंग, टाइमशीट बघणाऱ्या टीमला) नवीन माणूस येतोय? स्वागत असं करा

सोमवारी साडेनऊला माणूस रुजू होणार हे एचआरने तीन आठवड्यांपूर्वीच कळवलंय, तेव्हा लॅपटॉपची रिक्वेस्ट शुक्रवारी संध्याकाळी टाकली तरी चालेल. तो येईल, रिसेप्शनच्या सोफ्यावर बसेल. लॉगिन मागितलं तर आयटीकडे तिकीट टाकायला सांगा. तिकीट टाकायलाच लॉगिन लागतं, हे त्याचं त्याला कळू द्या. तुम्ही त्या वेळी क्लायंटसमोर ‘नव्या कर्मचाऱ्याचे पहिले ९० दिवस’ या विषयावरच्या ४२ स्लाइड्स दाखवत असाल. त्यातली एकही स्लाइड आपल्या ऑफिसात वापरू नका. त्या बिलेबल आहेत, म्हणजे त्यांचे क्लायंटकडून पैसे मिळतात.

ओळख करून देताना ‘काही लागलं तर याला सांगा’ एवढंच म्हणा. संध्याकाळपर्यंत विमानाचं तिकीट, अडकलेला प्रिंटर, व्हिसाचं पत्र आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक ही सगळी कामं आपोआप त्याच्या गळ्यात पडतात.

हँडओव्हर म्हणून ‘ट्रॅकर_फायनल_नवा_३’ नावाची एक्सेल द्या. तिच्यात आर कॉलममधले काही रकाने पिवळे आहेत. पिवळा म्हणजे पैसे आले, की पैसे अडकले? ज्याला माहीत होतं तो गेल्याच शुक्रवारी नोकरी सोडून गेला.

पहिलं इन्व्हॉइस मात्र त्याला एकट्यालाच करू द्या. क्लायंटच्या पीओचा (परचेस ऑर्डरचा) नंबर कुठे टाकायचा हे सांगू नका, आणि पीओवर शिल्लक किती आहे हे तर मुळीच नको. ३० तारखेला इन्व्हॉइस क्लायंटच्या पोर्टलवर चढेल, ६ तारखेला रिजेक्ट होऊन परत येईल. पेमेंटचे ४५ दिवस पोर्टलने स्वीकारल्यापासून मोजायचे असं करारात लिहिलेलं असतं. तो करार पार्टनरच्या, म्हणजे फर्मच्या मालकांपैकी एकाच्या, मेलबॉक्सात असतो.

आणि चुकून इन्व्हॉइस पास झालंच, तर पुढची मजा पाहा. फी १,००,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. खात्यात जमा १,०८,०००. टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) जीएसटी वगळून मूळ रकमेवर कापला जातो आणि या क्लायंटने तो १० टक्क्यांनी कापलाय, हे कुणी सांगितलेलं नसल्यामुळे आपला नवा गडी १०,००० रुपये कमी आले म्हणून थेट क्लायंटच्या फायनान्स हेडला मेल ठोकेल. (१० टक्के की २, यावर आपल्याच दोन मॅनेजरांचं अजून एकमत नाही, त्याला त्यातही ओढा.) आयकर पोर्टलवर आपल्या नावे ती कापलेली रक्कम दिसते का ते आधी तपासायचं असतं, हे शिकवायला मार्च अखेर आहेच.

प्रवासाचं बुकिंग शिकवायला तर पाच मिनिटंही लागत नाहीत, म्हणून ते टाळायला जास्त कौशल्य लागतं. विमानाचं तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी नंबर टाकावा लागतो, नाहीतर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (आपल्या देय करातून मिळणारी वजावट) बुडतं. बंगळुरूच्या हॉटेलात नंबर दिला तरी उपयोग नाही: हॉटेलच्या बिलावर कर्नाटकातला सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि त्या राज्याचा जीएसटी), आपली नोंदणी २७ ने सुरू होणारी, महाराष्ट्राची. ते क्रेडिट मिळत नाही. तरीही त्या बिलासाठी त्याला हॉटेलच्या रिसेप्शनला आठ फोन करायला लावा.

टाइमशीटचं साधं आहे. शुक्रवारी सहाची मुदत, भरणारे चौघे, न भरणारे सोळा. त्या सोळांमागे त्याला लावा, पण पार्टनरला आठवण करायची नाही असा दंडक घाला. मग ४० तासांपैकी ३२ बिलेबल धरून युटिलायझेशन (एकूण तासांतला बिलेबल तासांचा वाटा) ८० टक्के काढायचं, आणि पार्टनरचे तास रिकामे असल्याने आकडा चुकला की रिपोर्ट त्याने केलाय हे सगळ्यांसमोर लक्षात आणून द्यायचं.

तीन महिन्यांत तो राजीनामा देईल. शेवटच्या दोन दिवसांत त्याच्याकडून सगळी प्रोसेस लिहून घ्या, पिवळ्या रकान्यांच्या अर्थासकट. फाइल त्याच्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवायला सांगा. लॅपटॉप परत आला की आयटी तो त्याच दिवशी फॉरमॅट करतं. तेवढं एक काम आपल्याकडे वेळेवर होतं.