जुन्या शाळेच्या खिडक्या कशा बदलाव्यात

गावात इंग्रजांच्या काळातली शाळा आहे? आधी जनपद सभेने आणि 1962 पासून जिल्हा परिषदेने सांभाळलेली? चुन्याच्या जाड भिंती, सागवानी खिडक्या? मग उशीर करू नका मंडळी, मार्च जवळ आला की निधी परत जातो.

सुरुवात कागदावर. खिडक्यांना उधई लागली असे लिहा. पक्क्या सागाला उधई सहसा शिवत नाही हे सागाच्या जंगलातल्या आलापल्लीकडचं शेंबडं पोरगंही सांगेल, पण फाइल कुठे आलापल्लीला जाते?

सुताराला बोलावू नका. आमच्याकडे एकाने येऊन सांगितलं, "खालची फळी तेवढी सडली जी, बदलून देतो." अशाने अंदाजपत्रक मरते.

फोटो फक्त त्या फळीचा काढा.

आता बसवा अॅल्युमिनियमची स्लायडिंग, काळ्या काचेची. जुनीचे दोन्ही पल्ले उघडले की चार फूट खिडकी चारही फूट मोकळी. ही कशीही सरकवा, अर्धी बंदच. वरच्या झरोक्यातून गरम हवा निघून जायची, तो विटा लावून बुजवा. मागच्या गुरुवारी पोरीला आणायला गेलो. सकाळची शाळा, दहा वाजले होते, लाइन गेलेली. काळ्या काचेपायी वर्गात अंधार, चाळीस पोरं वहीने वारा घेत बसलेली. एक जण काच सरकवायला उठला तर ती रुळातून निघून त्याच्या हातात आली! बाईंनी धावत जाऊन धरली. चार महिने झाले नाहीत बसवून. एप्रिल आहे, पारा 44 वर आहे, आणि भिंतीवर चिठ्ठी काय, तर 'खिडकीस हात लावू नये'.

लाकडासाठी 'निर्लेखन', म्हणजे वस्तू निकामी ठरवून नोंदीतून काढणे, हा शब्द पाठ करा. एका सहीत सागाचं भंगार होतं. लिलावाची नोटीस कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

ते भंगार मला परवा दिसलं. एका साहेबांच्या पडवीत, झोपाळ्याची फळी होऊन. पॉलिश छान केलंय. पण कोपऱ्यात 'सातवी ब' अजून वाचता येतं. ते मी कोरलं होतं, कर्कटकाने. गुरुजींनी त्यासाठी दहा छड्या मारल्या होत्या.

एवढ्याशा कोरण्याला दहा छड्या, आणि तुम्ही आख्खी खिडकी उपटून नेली त्याला काहीच नाही? लाज वाटत नाही का त्यावर झोके घेताना? राहू द्या तो झोपाळा तुमच्याकडे. जूनअखेर शाळा उघडेल, त्याआधी निदान ती निघालेली काच बसवा. पोरांच्या पायावर पडेल.