फँटसी जमत नाही म्हणणाऱ्यांचं बहुतेकदा पहिलं पुस्तक चुकलेलं असतं

फँटसी वाचून बघितली, नाही जमली, असं म्हणणाऱ्या माणसाला एकच विचारावं: सुरुवात कशाने केलीत? बहुतेक वेळा उत्तर येतं ते एखाद्या ‘सर्वोत्तम १००’ यादीतलं वरचं नाव. जाडजूड पुस्तक आणि पुढे तेरा भाग बाकी. कादंबरी वाचायची आहे म्हणणाऱ्याच्या हातात आपण ‘श्रीमान योगी’ आणि ‘कोसला’ यांतलं हाताला लागेल ते ठेवत नाही. आधी विचारतो, तुला आवडतं काय? फँटसीच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि एका पुस्तकापायी अख्खा साहित्यप्रकार बाद होतो. याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून आग्रहाने सांगणं एवढंच: आधी उपप्रकार ठरवा, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक घेण्यापेक्षा लहान किंवा निदान पूर्ण झालेलं पुस्तक आधी घ्या.

पहिली फूट पडते ती जादूवरून. ब्रँडन सँडरसनचं ‘मिस्टबॉर्न’ (२००६) बघा. तिथे माणूस धातूचा कीस घातलेली छोटी कुपी पिऊन टाकतो आणि पोटातला धातू ‘जाळतो’. पोलाद जाळलं की समोरचा धातू ढकलता येतो, लोखंड जाळलं की ओढता येतो. हवेतलं नाणं ढकललं तर ते गोळीसारखं सुटतं. पण तेच नाणं जमिनीवर पडलेलं असेल तर त्याला सरकायला जागा नसते, मग ढकलणारा स्वतःच वर फेकला जातो. रात्रीच्या धुक्यात घरांच्या छपरांवरून झेपा घेत जाण्याचं सगळं तंत्र या एका नियमावर उभं आहे. नायिका संकटात सापडली की वाचकही हिशोब मांडत बसतो: जवळ कुठला धातू आहे, किती उरलाय, समोरचा वजनाने जड आहे का? कोडी, रहस्यकथा, बुद्धिबळ आवडणाऱ्यांनी या दारातून आत जावं.

दुसऱ्या टोकाला अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८). इथे वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता मिळते. पण जादू शिकणाऱ्या पोरांना ताकीद असते की या बेटावर पाडलेला पाऊस म्हणजे दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ ठरू शकतो. नियमांची यादी कुठेच नाही, सगळीकडे आहे ते तोल सांभाळण्याचं भान. पानं दोनशेच्या आसपास आणि भाषा एखाद्या जुन्या कहाणीसारखी. ज्याला ‘मिस्टबॉर्न’ हवं होतं त्याला हे दिलं तर तो म्हणणार, काही घडतच नाही. उलट झालं तर तक्रार येणार की भाषा फार सपाट आहे. दोन्हीकडे चूक निवडीची.

ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाने मात्र गाय गॅव्हरिएल के या कॅनेडियन लेखकाकडे जावं. याने तरुणपणी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनच्या मुलाला, वडिलांच्या मागे राहिलेल्या ‘द सिल्मरिलियन’च्या संपादनात मदत केली होती. पुढे त्याने स्वतःची वाट काढली: खऱ्या इतिहासाशी नातं सांगणारा प्रदेश आणि त्यात अगदी मोजकी जादू. त्याची ‘टिगाना’ (१९९०) ही एकाच खंडात संपणारी कादंबरी आहे. लढाईत मुलगा मारला गेला म्हणून एक जादूगार राजा टिगाना प्रांतावर सूड उगवतो. प्रांत जिंकून त्याचं समाधान होत नाही, तो प्रांताचं नावच पुसून टाकतो. त्या मातीत आधी जन्मलेल्यांखेरीज कुणालाही ते नाव ऐकूच येत नाही. समोर उच्चारलं तरी कानावर पडत नाही. ती पिढी सरली की नावही गेलं. आपल्या मुलखाचं नाव आपल्याच तोंडी मरताना बघणारी ही माणसं वाचताना कुठल्याही मराठी माणसाच्या काळजाला हात लागेल.

पोलिसी तपास आवडत असेल तर शहरी फँटसी, म्हणजे आजच्या शहरात घडणारी जादूची गोष्ट घ्या. बेन ॲरोनोविचचं ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११) हे लंडनच्या एका साध्या कॉन्स्टेबलचं पुस्तक, भूत साक्षीदार म्हणून पुढे येतं तिथून सुरू होतं. अमेरिकेत हेच पुस्तक ‘मिडनाइट रायट’ नावाने निघालं, त्यामुळे नवा भाग समजून दोनदा विकत घेऊ नका. नारायण धारपांच्या समर्थकथांवर पोसलेल्यांना हा प्रकार लगेच आपला वाटेल.

हसायचं असेल तर टेरी प्रॅचेटचं ‘डिस्कवर्ल्ड’. एकूण ४१ कादंबऱ्या, आणि इथे पहिल्यापासून सुरुवात करणं हीच घोडचूक. १९८३ सालच्या पहिल्या पुस्तकात तेव्हाच्या तलवारबाज फँटसीची थट्टा आहे. ज्याने ती फँटसी वाचलेली नाही त्याला अर्धे विनोद कळत नाहीत. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९) किंवा ‘मॉर्ट’ (१९८७) हातात घ्या.

काळी, रक्तबंबाळ फँटसी हवी तर जो ॲबरक्रॉम्बीची ‘द ब्लेड इटसेल्फ’पासूनची त्रयी, २००६ ते २००८ मध्ये पूर्ण झालेली. आर. एफ. क्वांगच्या ‘द पॉपी वॉर’मध्ये १९३७ च्या नानजिंग हत्याकांडाची थेट सावली आहे. सुरुवातीला शाळेची गोष्ट वाटते म्हणून कोवळ्या वयाच्या मुलामुलींना भेट देऊ नका. याच्या अगदी उलट, थकल्या जिवाला ट्रॅव्हिस बॉल्ड्रीचं ‘लेजंड्स अँड लाटेज’ (२०२२): तलवार टांगून ठेवलेली एक ऑर्क (फँटसीतल्या राक्षसी जमातीतली बाई) कॉफीचं दुकान टाकते, बस. आणि कुठल्याच खणात न बसणारं काही हवं तर सुझॅना क्लार्कचं ‘पिरानेसी’ (२०२०). आधी काहीही न वाचता, मागचं कव्हरसुद्धा न बघता ते उघडा.

आता मालिकांचं. जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेचा पाचवा भाग २०११ सालचा, पॅट्रिक रॉथफसच्या ‘किंगकिलर क्रॉनिकल’चा दुसराही २०११ सालचा. पुढचा भाग दोघांचाही आलेला नाही. अर्धवट सोडलेली गोष्ट सहन होत नसेल तर हात लावू नका. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला, पण त्याच्या टिपणांवरून सँडरसनने शेवटचे तीन भाग लिहून १४ खंडांची ‘व्हील ऑफ टाइम’ मालिका पुरी केली. क्रमही तपासा. सी. एस. लुइसच्या नार्निया या मुलांच्या मालिकेच्या नव्या संचांवर ‘१’ असं छापलेलं पुस्तक १९५५ चं आहे. १९५० साली आधी आलं ते कपाटातून बर्फात उघडणारं पुस्तक, आणि नवलाईची खरी मजा त्याच क्रमाने येते. रॉबिन हॉबच्या ‘रेल्म ऑफ द एल्डरलिंग्ज’ मालिकेच्या सोळा पुस्तकांत जहाजांची त्रयी गाळायचा मोह होतो. गाळू नका, पुढे तिच्यातली गुपितं सहज बोलण्यात फुटतात. टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तर मुळात एकच कादंबरी, छपाईच्या खर्चापायी तीन खंडांत आली. तिच्या सुरुवातीला हॉबिटांचे (तिथल्या बुटक्या लोकांचे) रीतिरिवाज, तंबाखू वगैरे सांगणारी लांबलचक प्रस्तावना आहे. कित्येक जण तिथेच गळतात. ती खुशाल सोडा, थेट पहिल्या प्रकरणावर जा.

ऑनलाइन तारे बघून फसू नका. मालिकेच्या पाचव्या भागाला पहिल्यापेक्षा जास्त तारे असतात, कारण ज्यांना आवडलं नाही ते तिथवर पोचलेलेच नसतात. तुलना नेहमी पहिल्या भागांची करा. पाच तारे आणि एक तारा सोडून तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा, कारण काय जमलं आणि काय नाही हे तिथेच सविस्तर लिहिलेलं असतं. ‘फार संथ’ अशी तक्रार चार जणांनी केली असेल आणि तुम्हाला संथ आवडत असेल, तर पुस्तक तुमचंच. किंडलवर नमुन्याची पानं फुकट मिळतात. ती वाचताना जग समजतंय का हे बघू नका, परकी नावं कुणालाच पहिल्या पन्नास पानांत लागत नाहीत. एखाद्या माणसाची काळजी वाटायला लागली का, तेवढं बघा.

आपल्याकडचंही शोधा. समित बसूची ‘द सिमोक्विन प्रॉफेसीज’पासूनची त्रयी पूर्ण आहे. श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकेराच्या ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ला विज्ञानकथा-फँटसीसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. ‘चांदोबा’तला वेताळ आणि सोमदेवाचं ‘कथासरित्सागर’ ज्यांच्या ओळखीचं आहे, त्यांना गोष्टीत गोष्ट शिरणं नवीन नाही.

छापील प्रत फुटपाथवरून घेत असाल तर दोन मिनिटं तिथेच उभं राहून बघा. आधी नकाशाचं पान उघडा. बनावट प्रतीत नकाशा काळा-धुरकट येतो, गावांची नावं वाचता येत नाहीत, आणि प्रवासाच्या कादंबरीत त्याच नकाशाकडे पन्नास वेळा परतावं लागतं. मग मधली पानं भराभर चाळून आकडे तपासा. एखादा १६ पानांचा फर्मा (एकत्र दुमडून शिवलेला गठ्ठा) गायब असतो नाहीतर दोनदा शिवलेला असतो. शेवटी शेवटचं पान बघा, वाक्य पुरं झालंय ना.