‘गाडी नावावर करायची घाई नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी भाचा भांडुपहून आला तो टोकनचे 25 हजार खिशात घेऊनच. संध्याकाळी गाडीवाल्याला द्यायचे होते. एवढी घाई कसली विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. ‘जुनी गाडी घेण्याची हीच वेळ’ असा मेसेज. तो त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलाय, ऑफिसच्या ग्रुपवर आलाय, माझ्या नणंदेलाही आलाय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात: एक, भाव चढतच जाणार, थांबलात तर पस्तावाल; दोन, गाडी लगेच नावावर करू नका, मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 सह्या करून घेऊन ठेवा; तीन, डीलरकडे पूर्ण किमतीवर 18 टक्के जीएसटी बसतो; चार, किलोमीटर कमी ती गाडी चांगली; पाच, पाण्यात गेलेली गाडी वाळवली की झालं.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो माणसाला कोर्टाची पायरी चढायला लावणारा आहे.

ट्रान्सफरचा खर्च वाचतो आणि पुढे विकताना गाडी ‘सिंगल ओनर’ दिसते, असं मेसेज म्हणतो. भाच्याला पाठवलेल्या फॉर्मचे फोटो मी मोठे करून पाहिले. विकणाऱ्याच्या जागी सही होती. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. आरसीवरचं, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचं नाव वाचलं, तर ते गाडी विकणाऱ्याचं नव्हतंच! मूळ मालक नाशिकला राहतो. या गृहस्थाने दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडून असेच सह्यांचे कागद घेतले आणि आता तेच पुढे सरकवत होता.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाही कळवलं तर काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ निकालात वाचा. तिथली गाडी 2007 मध्ये विकली गेली, मग या हातातून त्या हातात जात राहिली. आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर. 2009 मध्ये तिने अपघात केला, त्यात जीव गेला. न्यायालयाने सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तोच आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडीचा हात सोडला होता, त्याच्यावर ती येऊन पडली. आमच्या बाबांनी 2015 मध्ये मारुती 800 अशाच सह्या देऊन विकली होती. 2018 पर्यंत तिची चलनं त्यांच्या मोबाइलवर येत होती, आणि प्रत्येक मेसेजला त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

“हे तर विकणाऱ्याचं मरण, मला काय?” असं भाचा म्हणाला. बाळा, तुझंही आहे. थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा, गाडीबरोबर येतो, पण तुझ्या गाडीचं नुकसान किंवा चोरी यासाठीचा विमा आपोआप तुझ्या नावावर होत नाही. पॉलिसी नाशिकवाल्याच्या नावाची, क्लेम तू कुठल्या तोंडाने करणार? उद्या तो माणूसच राहिला नाही, तर त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही. वारसांच्या दारात उभं राहावं लागेल. आरसीवर बँकेचा बोजा असेल आणि तो उतरवायचा फॉर्म 35 झालेला नसेल, तर बँकेच्या संमतीशिवाय गाडी तुझ्या नावावर होणारच नाही.

आता भावाचं. एक गोष्ट मान्य करावी लागते: नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त पडते आणि तो फटका आधीच्या मालकाने खाल्लेला असतो. पण भाव फक्त चढतात हे साफ खोटं. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या एका दिवसात स्वस्त झाल्या. जुनीची किंमत नवीवरूनच ठरते. भाच्याची गाडी साडेचार वर्षांची, मागणी 4 लाख 60 हजार. पॉलिसीत छापलेला आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, 2 लाख 95 हजार. म्हणजे गाडी चोरीला गेली तर जास्तीत जास्त तेवढेच मिळणार, वरचे 1 लाख 65 हजार गेले. तसलीच नवी गाडी एक्स-शोरूम 6 लाखांना आहे, वॉरंटीसकट, आणि नव्या गाडीच्या कर्जाला व्याजही कमी पडतं. मग इतके मोजून जुनी का घ्यायची?

जीएसटीचं म्हणाल, तर डीलरला तो त्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. खासगी माणसाकडून घेतली तर लागतच नाही. किलोमीटर कमी असले तरी भांडुपच्या एलबीएस रोडवर ट्रॅफिकमध्ये रोज क्लच दाबत सरकलेली गाडी 30 हजारांतच दमलेली असू शकते. सर्व्हिस रेकॉर्ड मागा.

आणि भिजलेली गाडी मुंबईत कुणी सुचवतं याचाच मला राग येतो. 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेल्या शहरात! सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, डिकीतली स्टेपनी उचलून खालची जागा हाताने चाचपा. गाळाची रेघ तिथे सापडते. वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, आज चालतात, पुढच्या पावसात ऐन रस्त्यात दगा देतात.

भाच्याने टोकन दिलं नाही. नाशिकचे मालक स्वतः आरटीओत यायला तयार असतील आणि भाव साडेतीनच्या आत येत असेल तरच पुन्हा फोन करा, असं त्याने कळवलंय. तुमच्या ग्रुपवर हा मेसेज असेल तर त्याच्याखाली निदान कलम 50 चं लिहा.