‘सिस्टम३२ मध्ये फाइल टाका’ हा सल्ला पाळू नका

परवा सकाळी मिरजेहून काकांचा फोन आला. "अगं, ग्रुपवर आलेला उपाय करून बघितला, तर आता वेगळीच चौकट यायला लागली. शेवटी एक नंबर दिलाय, लावू का?" नंबर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवूनही ठेवला होता. लावू नका म्हटलं आणि तो मेसेज मागवून घेतला. वाचला आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपांवर दिसला, म्हणून हे लिहायला बसले.

"कॉम्प्युटरवर रोज एरर येतो? दुकानात हजारो रुपये घालवू नका, आयटीतल्या तज्ज्ञाने सांगितलेले पाच उपाय" अशी सुरुवात. पहिला उपाय: जी डीएलएल फाइल सापडत नाही म्हणून एरर येतो, ती फुकट डीएलएल देणाऱ्या साइटवरून उतरवा आणि विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये चिकटवा. दुसरा: अँटिव्हायरस आड आला तर तेवढ्यापुरता बंद करा. तिसरा: रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही) बिघडली की कॉम्प्युटर मंद होतो, म्हणून दर आठवड्याला रजिस्ट्री क्लीनर चालवा. चौथा: टेंप (तात्पुरत्या फाइलींचं) आणि प्रीफेच ही फोल्डरं रिकामी करा. पाचवा: इव्हेंट व्ह्यूअर (कॉम्प्युटरमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा विंडोजचा भाग) उघडा, लाल खुणा दिसल्या तर व्हायरस आहे, मग खालच्या ‘मायक्रोसॉफ्ट हेल्पलाइन’ला फोन करा.

काकांनी पहिला आणि दुसरा उपाय केला होता, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

काका सोसायटीचे हिशेब ठेवतात. तो प्रोग्रॅम कॉम्प्युटर सुरू केला की आपोआप उघडतो आणि महिनाभर रोज सकाळी एकच चौकट येत होती: ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ सापडली नाही. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारं तयार काम ज्यात ठेवलेलं असतं अशी फाइल. ही विशिष्ट फाइल मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाच्या संचातली. तो संच मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवर फुकट मिळतो, त्यात अशा बऱ्याच फाइली एकमेकींना जुळणाऱ्या आवृत्तीत येतात आणि त्या योग्य जागी नेऊन ठेवायचं काम त्याचा इन्स्टॉलर करतो. मग एकच सुटी फाइल कुठल्यातरी अनोळखी साइटवरून का आणायची? ती कुणी चढवली, तिच्यात काय मिसळलं, हे काकांना कसं कळणार? डीएलएल ही काही नुसती माहितीची फाइल नाही. प्रोग्रॅमने ती उघडली की तिच्यातला कोड त्याच क्षणी चालू शकतो आणि त्या प्रोग्रॅमला जे जे अधिकार आहेत ते सगळे त्या कोडला मिळतात. शिवाय सिस्टम३२ मध्ये काही टाकायचं तर विंडोज अ‍ॅडमिनची परवानगी मागते. ती चौकट आली की ‘येस दाबा’ असं मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे! सावध करायला ठेवलेली ती एकच जागा, आणि तीच बिनधास्त ओलांडायला सांगायची.

फाइल समजा स्वच्छ निघाली, तरीही घोळ होतोच. प्रोग्रॅम ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारचे असतात आणि एका प्रकारची डीएलएल दुसऱ्याला चालत नाही. आजच्या ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ हे फोल्डर ६४ बिटच्या फाइलींचं असतं आणि ३२ बिटच्या फाइली ‘सिसवॉव६४’ मध्ये राहतात. नावं आकड्यांच्या बरोबर उलटी आहेत, त्यामुळे भलेभले चुकतात. काकांनी उतरवलेली फाइल ३२ बिटची आणि त्यांचा प्रोग्रॅम ६४ बिटचा. आधी ‘फाइल सापडली नाही’ म्हणणारी चौकट त्यामुळे गेली आणि ‘००७बी’ने संपणारा लांबलचक कोड दाखवणारी आली. काकांना वाटलं, आता व्हायरस शिरला. पहिल्या चौकटीत निदान हरवलेल्या फाइलचं नाव तरी होतं. या दुसरीत सामान्य माणसाला कळेल असं काहीच नाही.

मूळ कारण फोनवरच दहा मिनिटांत सापडलं. गेल्या महिन्यात डिस्क भरली म्हणून काकांनी प्रोग्रॅमच्या यादीतून ‘व्हिज्युअल सी++’ नावाच्या पाच-सहा नोंदी काढून टाकल्या होत्या. एकाच नावाच्या इतक्या नोंदी दिसल्या की कचरा वाटतो खरा, पण वेगवेगळ्या वर्षांचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालतात, त्या राहू द्यायच्या. चिकटवलेली फाइल काढली, मायक्रोसॉफ्टकडून तो संच ३२ आणि ६४ बिट असा दोन्ही बसवला, कॉम्प्युटर परत सुरू केला. चौकट गेली. एक रुपया लागला नाही.

अँटिव्हायरस बंद करण्याबद्दल एवढंच सांगते. तो कधी कधी निर्दोष फाइलही अडवतो, हे मान्य. पण अनोळखी साइटवरून आणलेली फाइल तो अडवत असेल तर तो त्याचं काम करतोय. काकांचा बंद केलेला अँटिव्हायरस चार दिवस बंदच होता.

रजिस्ट्री क्लीनरच्या बाबतीत माझ्या शब्दावर विसंबायची गरज नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांविषयी मायक्रोसॉफ्टचं धोरण तिच्या साइटवर लिहिलेलं आहे: अशा साधनांच्या वापराला कंपनीचा पाठिंबा नाही, चुकीचा बदल झाला तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते. त्याच पानावर हेही आहे की रजिस्ट्री बिघडली तर कॉम्प्युटर मंद होतो, प्रोग्रॅम अडकतात. म्हणजे मेसेजवाल्याचं अर्धं वाक्य खरं आहे. पण बिघाड होऊ शकतो म्हणून दर आठवड्याला धडधाकट रजिस्ट्रीत हात घालायचा, हे त्यातून कसं निघतं? विंडोजच्या स्वतःच्या फाइली खराब झाल्याची शंका असेल तर विंडोजमध्येच ‘सिस्टम फाइल चेकर’ आहे, तो चालवा.

टेंप रिकामं करा, हे मात्र चालेल. डिस्क काठोकाठ भरली की प्रोग्रॅम खरोखरच एरर देतात आणि टेंपमुळे थोडी जागा मोकळी होते. प्रीफेचला हात लावायचं काही कारण नाही. प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, विंडोज तिथे नोंदी ठेवते. पुसल्या तर पुढच्या वेळी प्रोग्रॅम उलट हळू उघडतात.

आता पाचवा उपाय. हा मात्र सरळ सरळ सापळा आहे.

इव्हेंट व्ह्यूअर उघडला की लाल-पिवळ्या खुणा दिसणारच. माझ्या कॉम्प्युटरवर दिसतात, तुमच्याही दिसतील. ‘डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६’ ही नोंद घरोघरी सापडते, तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. कॉम्प्युटर चालू असताना लाइट गेली तर पुढच्या वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद ‘क्रिटिकल’ म्हणून येते, तिचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. आमच्याकडे पावसाळ्यात अशा नोंदींची रांग लागते. या नोंदी जाणकाराच्या उपयोगाच्या आहेत, कुठला प्रोग्रॅम कशामुळे कोसळला ते त्यातून कळतं. पण घाबरवायला याहून सोपं साधन नाही, म्हणूनच भामटे फोनवर पहिल्यांदा तेच उघडायला लावतात. त्यांची आणखी एक युक्ती माहीत असू द्या. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘असोक’ ही आज्ञा द्यायला सांगतात, ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा एक लांब क्रमांक स्वतः वाचून दाखवतात आणि म्हणतात, हा तुमच्याच कॉम्प्युटरचा ओळख क्रमांक, बघा, आमच्याकडे आहे. तो क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजवर तोच असतो.

आणि मायक्रोसॉफ्टचं एक वाक्य घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला पाठ करून द्या: आमच्या एररच्या किंवा इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर कधीही नसतो. चौकटीत नंबर असेल, मेसेजमध्ये असेल, तर तो मायक्रोसॉफ्टचा नाही. इथे ‘कदाचित’ला जागा नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभर छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनची नावं सांगून परदेशातल्या लोकांना फसवणारी कॉल सेंटरं होती. मराठी माणसाला मराठीत मेसेज आला म्हणून तो आपल्या माणसाचाच असेल, असं नाही.

कुणी त्या नंबरवर आधीच फोन केला असेल आणि स्क्रीन दुसऱ्याच्या हातात दिली असेल, तर लाजून गप्प बसू नका. आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, मग ईमेल आणि बँकेचे पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, दुसरीकडून बदला. त्यांनी बसवायला लावलेलं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप त्यानंतर काढा. क्रम हाच ठेवा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतील तर तास मोजके असतात, कॉम्प्युटर उद्याही साफ करता येतो.