78 हॉर्सपॉवर कमी की पुरेशी?

मित्सुबिशी मिराज या छोट्या गाडीवरचा तुमचा लेख छान, पण तिच्या 1.2 लिटर, 78 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला सरळ 'धोकादायक' म्हणणं पटलं नाही. मारुती 800 आपल्याकडे 1983 साली आली, 796 सीसी आणि हॉर्सपॉवर चाळिशीच्या आतच. त्यात पाच माणसं, टपावर सामान (मांडीवरचं पोर हिशेबाबाहेर) घेऊन लोक खंबाटकी घाट चढायचे. एसी बंद, दुसरा गिअर, की गाडी निमूट वर. वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणून जमायचं.

अमेरिकेत गणित वेगळं. फ्रीवेच्या रॅम्पवरून थेट ताशी 100-110 किमीच्या वाहतुकीत घुसायचं, तेव्हा वरच्या वेगातला दम लागतो. आपण शहरात 30-40 च्या वर जातो कधी? इथे पहिल्या-दुसऱ्या गिअरचा ओढा महत्त्वाचा.

आणि हे सगळं फक्त आवडीनिवडीचं नाही, कराचंही आहे. जपानच्या केई गाड्यांना (तिथला सगळ्यात छोट्या गाड्यांचा वर्ग) 660 सीसी ही नियमाची मर्यादा, 64 पीएस (जवळपास तितकीच हॉर्सपॉवर) ही कंपन्यांनी आपसांत ठरवलेली. कर कमी, म्हणून खपतातही भरपूर. आपल्याकडच्या 'लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल 1200 सीसीपर्यंत' गाड्या तरी दुसऱ्या कशामुळे आल्या?

एक विनंती: पुढच्या वेळी ताशी 0 ते 100 किमी वेग गाठण्याऐवजी 60 ते 100 चा वेळ द्या. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना तोच आकडा उपयोगाचा.