ब्रेक पाइपच्या कामाविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपण लिहिले आहे की, हातभर लांबीचा एक पाइप बदलण्यासाठी आमच्या गॅरेजने आपली मोटारसायकल दोन दिवस अडकवून ठेवली, अकराशे रुपयांच्या पाइपवर चौदाशे रुपये मजुरी लावली, त्यापायी आपले ओंकारेश्वरला जाणे राहिले आणि एवढे होऊनही चौथ्या दिवशी पुढच्या ब्रेकचा लिव्हर मऊ पडला. यांतील शेवटची तक्रार खरी आहे आणि ती चूक आमची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

आपली गाडी एबीएसची, म्हणजे जोराने ब्रेक लावला तरी चाक अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेची आहे. नवा पाइप बसवल्यावर आम्ही नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे लिव्हर दाबून आणि कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) निपल सैल करून, ऑइलमधली हवा काढली. लिव्हर घट्ट लागला, चाचणीची फेरी झाली आणि गाडी आपल्या हवाली केली. परंतु एबीएसच्या ठोकळ्यात ऑइलच्या काही वाटा अशा असतात की त्या एरवी बंद राहतात आणि एबीएस प्रत्यक्ष काम करू लागले की मगच उघडतात. तेथे हवेचा बुडबुडा राहिला होता. आपण जोराने ब्रेक दाबला तेव्हा तो बाहेर पडून पाइपमध्ये आला आणि लिव्हर मऊ झाला. दुसऱ्या खेपेस आम्ही स्कॅनर जोडून एबीएसचा पंप चालवला व पुन्हा हवा काढली. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. ब्रेकच्या बाबतीत अशी कसूर लहान मानता येत नाही. आपली मनापासून क्षमा मागतो. एबीएसच्या गाडीचा पाइप उघडला की पंप चालवल्याशिवाय ती बाहेर द्यायची नाही, असे आता कारागिरांना सांगून ठेवले आहे.

दोन दिवसांविषयी मात्र माझे म्हणणे वेगळे आहे. जो पाइप खराब झाला होता, तो हँडलजवळच्या, लिव्हर दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून निघून टाकीखालच्या एबीएसच्या ठोकळ्यापर्यंत जातो. तेथे पोहोचण्यासाठी सीट, बाजूची झाकणे आणि पेट्रोलची टाकी उतरवावी लागते आणि तरीही पाना जेमतेम अष्टमांश फेरा फिरेल एवढीच जागा मिळते. खालच्या टोकाचा नट गंजून धरला होता. तो जोर लावून फिरवला असता तर त्याचे कोपरे झिजले असते किंवा ठोकळ्यातील आटे गेले असते आणि मग पाइपऐवजी सबंध एबीएस युनिट बदलण्याची वेळ आपल्यावर आली असती, ज्याची किंमत या बिलाच्या कितीतरी पट आहे. आत रबरी सील आणि इलेक्ट्रॉनिक भाग असल्यामुळे आच देऊन नट सोडवण्याचा मार्गही बंद होता. म्हणून गंज सोडवणारे तेल लावून तो रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी ब्रेक पाइपच्या खास पान्याने हलकेच सोडवला. ती रात्र आम्ही वाया घालवली, असे मला वाटत नाही.

आपण असेही म्हटले आहे की जुना पाइप बाहेरून धड होता. तो बाहेरून धडच होता. आपण गाडी आणली होती ती पुढचे चाक जाम होऊन डिस्क तापते म्हणून. पाइपच्या आतले रबर फुगले की लिव्हरच्या जोराने ऑइल पुढे जाते, पण लिव्हर सोडल्यावर तितक्या सहज मागे येत नाही, आणि पॅड डिस्कला घासत राहतात. आपल्या गाडीतील ऑइलही चहासारखे काळपट झाले होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी मानकातील किमान मर्यादा १५५ अंश आहे. ओंकारेश्वरच्या वाटेवरचा भेरूघाट उतरताना घासत राहिलेले पॅड आणि असे ऑइल एकत्र आले असते तर काय झाले असते, याची मला खरोखर काळजी वाटली होती.

टाकी उतरवावी लागेल आणि नट अडला आहे, हे आपल्याला त्याच संध्याकाळी फोन करून सांगायला हवे होते. ते आम्ही केले नाही. आपण दुसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधून तयार होता, हे आपल्या अभिप्रायातून कळले आणि वाईट वाटले. मजुरी कमी करणे मला योग्य वाटत नाही, कारण ते काम खरोखर तेवढ्या तासांचे होते. मात्र दुसऱ्या खेपेस वापरलेल्या ऑइलचे जे पैसे आमच्या कारागिराने आपल्याकडून घेतले, ते घ्यायला नको होते आणि ते परत करीत आहे.

जुना पाइप मी जपून ठेवला आहे. ओंकारेश्वरला निघण्याआधी एकदा गाडी घेऊन यावे. तो आपल्यासमोर उभा कापून दाखवीन आणि लिव्हरही आपल्यासमोरच तपासून देईन.

आपला,
गॅरेजचालक, इंदूर