आकडा चढता की उतरता?

२०२५च्या फेब्रुवारीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याने व्हिडिओ टाकला: '२०३२ मध्ये पृथ्वीवर लघुग्रह आदळणार!' पाठीमागे छाती धडधडवणारं संगीत. मी लिहिलं, 'आत्या, धडकेच्या शक्यतेचा आकडा अजून थोडा वाढेल आणि मग बहुतेक धाडकन खाली येईल.' सगळ्यांना वाटलं, हा फारच शहाणा झालाय.

शहाणा कसला! गेली काही वर्षं मी नेमाने एकाच विषयाच्या बातम्या वाचतो, पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह. बाकीचं कानावर पडेल तेवढं पुरे.

आत्याचा दगड म्हणजे २०२४ वायआर४. २७ डिसेंबर २०२४ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला तो दिसला. सुरुवातीला कक्षा नीट कळलेली नसते. त्यामुळे २२ डिसेंबर २०३२ला तो कुठे असू शकेल याचा एक लांबलचक पट्टा निघतो आणि पृथ्वी त्या पट्ट्यात कुठेतरी असते. निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो. पृथ्वी मात्र तेवढीच, म्हणजे पट्ट्यातला तिचा वाटा फुगतो. टक्का चढतो तो यामुळे. दगडाने काही वाट बदललेली नसते. मग पट्टा आणखी आखडतो, पृथ्वी त्याच्या बाहेर पडते आणि आकडा कोसळतो. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्के होता, २४ला ०.००४. अपोफिस नावाच्या लघुग्रहाच्या वेळीही, २००४च्या डिसेंबरात, २.७ टक्क्यांपर्यंत मजल गेली होती. मग आधीच काढलेल्या छायाचित्रांत तो सापडला आणि २०२९ची धडक बाद झाली.

३.१चा व्हिडिओ ग्रुपवर चार जणांनी टाकला. ०.००४चा एकानेही नाही. माझा राग आहे तो यावर. सगळ्या विषयांच्या बातम्या वरवर चाळणाऱ्याला गोष्टीचा फक्त मधला, भडक तुकडा मिळतो. मागचे-पुढचे रटाळ आठवडे ज्याने वाचलेत, त्यालाच कळतं घाबरायचं कधी. रटाळ म्हणजे खरंच रटाळ हं. नासाच्या सेन्ट्री यादीत, म्हणजे धडकेची शक्यता असलेल्या लघुग्रहांच्या यादीत, कित्येक दिवस वाचण्यासारखं काहीही नसतं.

बरं, या शहाणपणाची हद्दही फार लहान. शेअर बाजाराच्या बातमीपुढे मी आत्याइतकाच भाबडा, आणि तिथे फसलोयही.

परवा आत्याने पुन्हा एक व्हिडिओ पाठवला. अपोफिस १३ एप्रिल २०२९ला जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांच्याही अलीकडून. आकडा खरा होता. पण या वेळी तिने तो ग्रुपवर न टाकता मला एकट्याला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'चढता आहे की उतरता, ते आधी सांग.'